समुद्राचं पाणी, सायबर ग्रीन आणि फ्लो सायटोमीटर: बादलीपासून आकड्यापर्यंत

सोलापुरात राहून समुद्रातले जिवाणू मोजते असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. हसणारच. इथून सोयीचा समुद्र म्हणजे रत्नागिरीचा. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट, असा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. पण एका अर्थानं हे काम आपल्या गावाला शोभणारं आहे, कारण ते मुळात रंगाचं काम आहे. चादरीसाठी सुताच्या लड्या रंगवणाऱ्या कुणालाही विचारा. रंग कसा चढेल हे पाणी, मीठ, तापमान आणि वेळ ठरवतात. डीएनएवर चढणारा रंगही तितकाच लहरी आहे.

मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीच्या एमएस्सीला असलेल्या, प्रोजेक्टसाठी पुण्यात किंवा गोव्यात कुणाच्या तरी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून नेत मोजणाऱ्या मशीनवर, दोन तासांचा स्लॉट मिळवलेल्या मुलामुलींना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिते आहे. मशीनवर बसणं हा यातला सर्वांत सोपा भाग. आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, किनाऱ्यावर किंवा आपल्याच प्रयोगशाळेतल्या पाणी साठवायच्या मोठ्या कॅनपाशी, म्हणजे कारबॉयपाशी. म्हणून मी तिथे जास्त वेळ घेणार आहे.

रंग लागतोच कशाला

समुद्राच्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा लाख जिवाणू असतात, किनाऱ्याजवळ त्याहून जास्त. जिवाणू वाढवायच्या आगर प्लेटवर त्यातला शेकडा एकसुद्धा उगवत नाही. हे लक्षात आल्यावर लोक सूक्ष्मदर्शकाकडे वळले. १९७७ मध्ये जॉन हॉबी आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅक्रिडिन ऑरेंज हा चमकणारा रंग लावून, ०.२ मायक्रोमीटरच्या काळ्या फिल्टरवर जिवाणू धरून मोजण्याची पद्धत दिली; १९८० मध्ये डॅपी हा डीएनएला चिकटणारा रंग आला. ती पद्धत आजही उत्तम आहे. फक्त एका नमुन्याला अर्धा-पाऊण तास डोळे ताणावे लागतात. फ्लो सायटोमीटर तेच काम दोन मिनिटांत करतो आणि प्रत्येक पेशी किती चमकली हेही लिहून ठेवतो.

अडचण आकाराची आहे. हे मशीन बनलं ते रक्तातल्या पेशींसाठी. माणसाच्या पेशीत साधारण साडेसहा पिकोग्रॅम डीएनए असतो. समुद्रात मुबलक असणाऱ्या पेलॅजिबॅक्टर युबिक या जिवाणूचा जीनोम जेमतेम १३ लाख बेस जोड्यांचा, म्हणजे वजनात सुमारे १.३ फेम्टोग्रॅम. जवळपास पाच हजार पटींचा फरक. आकारही अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासचा. नुसत्या विखुरलेल्या प्रकाशावर शोधायला गेलात तर जिवाणू, धूळ आणि मशीनची खरखर यात काहीच वेगळं काढता येत नाही. डीएनएला चिकटल्यावरच चमकणारा रंग लावला की हा गोंधळ सुटतो.

कोणता रंग

तुमच्या मशीनमध्ये कोणता लेझर आहे, यावर याचं उत्तर ठरतं. बहुतेक ठिकाणी ४८८ नॅनोमीटरचा निळा असतोच. डॅपी आणि हॉक्स्ट यांना अल्ट्राव्हायोलेट लागतो, तो सगळीकडे नसतो. म्हणून ते सूक्ष्मदर्शकासाठी ठेवा. निळ्या लेझरवर सायबर ग्रीन वन, सायबर गोल्ड, सिटो ९ आणि सिटो १३ हे चालतात. मी सायबर ग्रीन वन वापरते. ते ४९७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, ५२० च्या आसपास हिरवं चमकतं, आणि मोकळं असताना जवळजवळ अंधारंच राहतं. त्यामुळे रंगवल्यावर धुवायची भानगड नाही. धुणं म्हणजे सेंट्रिफ्यूज, आणि सेंट्रिफ्यूज म्हणजे एवढ्याशा पेशी हरवणं.

१९९७ साली फ्रान्समधल्या रॉस्कॉफच्या डॉमिनिक मारी आणि सहकाऱ्यांनी समुद्री पिकोप्लँक्टनसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांसाठी, हाच रंग वापरून पद्धत बसवली. आजही मूळ साचा तोच आहे: रंग दहा हजारात एक, पंधरा मिनिटं, अंधारात.

नावातला ‘वन’ मागवताना नीट वाचा. सायबर ग्रीन टू हा आरएनए आणि एकपदरी डीएनएसाठी आहे. आमच्याकडे एकदा ऑर्डर देताना तेवढाच एक शब्द सुटला होता.

मिठाचं गणित

इथे जरा थांबूया. आपल्याकडे सुती सुतावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवताना रंगारी भांड्यात सढळ हातानं मीठ टाकतो. का? पाण्यात सुताच्या पृष्ठभागावर थोडा ऋण भार असतो आणि रंगाचा रेणूही ऋण असतो. दोघं एकमेकांना ढकलतात. मिठातला सोडियम मध्ये येऊन हे ढकलणं झाकतो आणि रंग सुताजवळ जाऊ शकतो.

डीएनएचं नेमकं उलटं आहे. डीएनए ऋण, सायबर ग्रीन धन. दोघांत ओढ आहे. तोच सोडियम, आणि समुद्रातला मॅग्नेशियम, मध्ये येऊन या वेळी ओढ झाकून टाकतो. रंगाऱ्याला जे मीठ हवं असतं तेच आपल्याला नडतं. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास आहे. पिकोग्रीन, यो-प्रो, टो-प्रो यांसारखे रंग एवढ्या मिठात फारच मलूल होतात. सायबर ग्रीन त्या मानानं चिवट आहे, पण त्यालाही फरक पडतोच.

हे पुस्तकी वाटत असेल तर रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्याचा विचार करा. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. खाडीच्या आतून एक बाटली आणि बाहेरच्या समुद्रातून दुसरी, अशा दोन बाटल्या घेतल्या आणि दोन्ही तशाच रंगवल्या, तर खाडीतले जिवाणू जास्त चमकतील. तुम्ही लिहाल की खाडीतल्या जिवाणूंमध्ये डीएनए जास्त आहे. मुळात तिथे फक्त मीठ कमी आहे.

यावर दोन उपाय आहेत. नमुना गढूळ नसेल आणि जिवाणू कमी असतील तर पोटॅशियम सायट्रेट घाला, शेवटची तीव्रता ३० मिलिमोलर. नाहीतर नमुना टीई बफरमध्ये (ट्रिस आणि ईडीटीएच्या द्रावणात) पाचपट पातळ करा. मी दुसरा उपाय वापरते, कारण आपल्या किनाऱ्यावरचं पाणी असंही पातळ करावंच लागतं. टीईचा पीएच ८ ठेवा.

रत्नागिरीला जाण्याआधी हा फरक घरच्या घरी बघता येतो. सोलापूरच्या कंबर तलावातून पाणी आणा, ग्लुटराल्डिहाइडनं फिक्स करा (म्हणजे पेशी आहेत तशाच स्थिर करा, कृती पुढे आहे) आणि दोन भाग करा. एक भाग टीईमध्ये पन्नास पट पातळ करा. दुसरा, लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून गाळलेल्या टीईमध्ये तितकाच. दोन्हींना तोच रंग, तीच वेळ. स्क्रीनवर एकाच तलावाचे, ठिपक्यांचे दोन ढग एकमेकांपासून सरकलेले दिसतात. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मिठाचा मुद्दा पुन्हा समजवावा लागत नाही. पाणी हिरवंगार असल्यामुळे पन्नास पटही कमी पडेल कदाचित. मग शंभर पट करा.

किनाऱ्यावर

जूनचा सुरुवातीचा पाऊस लागल्यावर शक्यतो जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होडी मिळत नाही, आणि किनाऱ्यालगतचं पाणी इतकं गढूळ असतं की मातीचे कणच मोजत बसाल. हिवाळा उत्तम. आमच्याकडे जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली की आम्ही निघतो.

बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवून नंतर गाळलेल्या पाण्यानं खंगाळलेल्या. बादली किंवा बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळा. पाण्याचा प्रवाह जिकडून येतो तिकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे आपल्याच पायांनी ढवळलेली वाळू नमुन्यात येणार नाही. पाणी ५० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळा. शेवाळाचा एक धागा मशीनची नळी बंद करायला पुरेसा असतो. वेळ, भरती की ओहोटी, तापमान आणि क्षारता तिथल्या तिथे वहीत लिहा. प्रत्येक ठिकाणाहून तीन व्हायल.

लिहा म्हणजे पेन्सिलनं लिहा. पहिल्या वर्षी आम्ही मार्करनं नावं घातली होती आणि व्हायल बर्फात ठेवल्या होत्या. मंगळवेढ्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा आइसबॉक्स उघडून बघितला. बर्फाचं पाणी झालेलं, त्यावर निळसर तवंग, आणि बारा व्हायल कोऱ्याकरकरीत. कोणती खाडीची आणि कोणती समुद्राची, सांगता येईना. बाराही फेकून दिल्या.

फिक्स करणं

बाटलीत पाणी आल्यापासून आतले जिवाणू वाढू लागतात, मरू लागतात आणि एकपेशीय भक्षक त्यांना खाऊ लागतात. समुद्रात समतोल असतो, बाटलीत तो मोडतो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात फिक्स करा.

दोन मिलिलिटरच्या क्रायोव्हायलमध्ये १.८ मिलिलिटर नमुना घ्या आणि २५ टक्के ग्लुटराल्डिहाइडचे ३६ मायक्रोलिटर घाला. शेवटची तीव्रता अर्ध्या टक्क्याला पोचते. झाकण लावून दोन-तीनदा हलक्या हातानं उलटसुलट करा आणि दहा ते पंधरा मिनिटं अंधारात, थंडीत ठेवा. ग्लुटराल्डिहाइड पिवळं पडलेलं असेल तर ते जुनं झालंय. स्वतःच हिरवट चमकतं आणि पार्श्वभूमी वाढवतं. नवी बाटली उघडा. हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, डोळ्यांना झोंबतं.

कपाटातलं फॉर्मॅलिन चालणार नाही का, हे दरवर्षी कुणीतरी विचारतं. तातडीची वेळ असेल तर चालेल. पण रंग फिका चढतो आणि साठवणुकीत पेशी जास्त गळतात.

मेलेले आणि जिवंत वेगळे करायला काही जण सायबर ग्रीनबरोबर प्रोपिडियम आयोडाइड वापरतात. ते फाटक्या आवरणाच्या पेशीतच शिरतं आणि लाल चमकतं. ही पद्धत न फिक्स केलेल्या, ताज्या पाण्यावरच करायची. मशीन किनाऱ्यावर असेल तर जरूर करा. आपल्याला सोलापूर गाठायचं असतं, तेव्हा तो विषय सोडून द्या.

गोठवणं आणि गाडी

फिक्स केलेला नमुना साध्या फ्रिजमध्ये फार तर दिवसभर ठेवा, पुढे पेशी कमी होत जातात. उणे २० च्या फ्रीझरमध्ये तर अजिबात नको. तिथे पाणी सावकाश गोठतं, बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात आणि पेशी फाटतात. झटक्यात गोठवायचं म्हणजे लिक्विड नायट्रोजन, उणे १९६ अंश.

हा नायट्रोजन कुठून आणायचा, याचं उत्तर गोठ्यात आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमध्ये ठेवतात, त्यात हाच असतो. जनावरांचे डॉक्टर आणि दूध संघ यांना तो नियमित लागतो, त्यामुळे ग्रामीण भागात भरून कुठे मिळतो याची माहिती तेच देतात. कॅनचं तोंड अरुंद असतं, कांडी जाते पण आपली व्हायल जाईलच असं नाही. निघायच्या आधी रिकामी व्हायल घालून बघा.

काही गोष्टी जिवाशी खेळ करणाऱ्या आहेत, म्हणून स्पष्ट सांगते. एक लिटर द्रव नायट्रोजनचा साधारण ७०० लिटर वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो गाडीतली हवा बाहेर ढकलतो. काचा बंद, एसी चालू आणि मागच्या सीटवर कॅन, असा प्रवास करू नका. कॅनचं झाकण सैलच असतं, ते चिकटपट्टीनं बंद करू नका. आत दाब वाढेल. व्हायल बाहेर काढताना चष्मा लावा. झाकणाच्या फटीतून नायट्रोजन आत शिरला असेल तर बाहेरच्या उष्णतेत तो फुगतो आणि व्हायल फुटते. म्हणून आधीच ती काठोकाठ भरत नाहीत आणि झाकण नीट आवळतात.

सोलापूरला आल्यावर व्हायल उणे ८० च्या फ्रीझरमध्ये. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे असतो आणि वीज जाते, तेव्हा त्या फ्रीझरला जनरेटर आहे ना याची खात्री करून घ्या.

निर्जंतुक म्हणजे निर्जिवाणू नव्हे

मशीनवर जायच्या आठवड्यात सगळी द्रव्यं गाळून घ्यायची. टीई, शीथचं (मशीनमध्ये नमुन्याभोवती वाहणारं) पाणी, पातळ करायचं पाणी, सगळंच ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून, आणि वापरायच्या दिवशी पुन्हा एकदा.

एका वर्षी माझ्या विद्यार्थिनीनं पहिली ट्यूब लावली आणि स्क्रीनवर इतका सुरेख, गोल, घट्ट ढग आला की ती आनंदानं उठूनच उभी राहिली. मी विचारलं, कोणत्या ठिकाणचा नमुना? ती म्हणाली, मॅडम, हा तर ब्लँक आहे. ब्लँक म्हणजे तुलनेसाठीची, जवळजवळ रिकामी दिसायला हवी अशी ट्यूब. आमच्या डिस्टिल्ड वॉटरच्या कारबॉयच्या तोटीत आतून बुळबुळीत थर धरला होता. पाणी तर ऑटोक्लेव्ह केलेलं होतं! पण ऑटोक्लेव्ह जिवाणू मारतो, नाहीसे करत नाही. मेलेल्या पेशीत डीएनए तसाच असतो आणि सायबर ग्रीनला ती जिवंत आहे की मेलेली याच्याशी देणंघेणं नाही. त्यांना बाहेर काढतो तो फक्त फिल्टर.

म्हणून तीन ब्लँक हवेतच. गाळलेलं टीई रंगासकट, ०.२ मायक्रोमीटरमधून गाळलेलं समुद्राचं पाणी, फिक्स करून, पातळ करून, रंगासकट. आणि खरा नमुना रंगाशिवाय. तिसऱ्या ब्लँकमध्ये जे चमकतं ते क्लोरोफिल किंवा फायकोएरिथ्रिन ही रंगद्रव्यं असलेलं काहीतरी आहे.

रंगवणं

सायबर ग्रीनचा मूळ साठा दहा हजार पट तीव्र आणि डीएमएसओ या द्रावकात असतो. डीएमएसओ १८ अंशांच्या आसपासच गोठतो, त्यामुळे फ्रिजमधून काढलेली कुपी घट्ट असते. पूर्ण वितळू द्या, हलवा, क्षणभर सेंट्रिफ्यूज करा आणि मगच पिपेट घाला. अर्धवट वितळलेल्यातून घेतलात तर प्रत्येक वेळी वेगळी तीव्रता मिळेल. हा रंग डीएनएला चिकटणारा आहे आणि डीएमएसओ त्वचेतून आत जातं, म्हणून हातमोजे काढू नका.

त्यातले १० मायक्रोलिटर ९९० मायक्रोलिटर डीएमएसओमध्ये घालून शंभर पटीचं द्रावण करा. पाण्यात केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरून संपवा. ट्यूब पॉलिप्रॉपिलीनची घ्या, काचेला हा रंग चिकटतो.

व्हायल कोमट पाण्यात झटपट वितळवा आणि हलवा. स्वच्छ ट्यूबमध्ये ८०० मायक्रोलिटर टीई, त्यात २०० मायक्रोलिटर नमुना, त्यात १० मायक्रोलिटर शंभर पटीचं द्रावण. अंधारात, २५ अंशांच्या खोलीत, पंधरा मिनिटं. एकदा वितळलेला नमुना परत गोठवू नका.

नवशिक्यांची हमखास होणारी चूक म्हणजे वीसच्या वीस ट्यूब एकदम रंगवून ठेवणं. मग पहिली पंधरा मिनिटांवर मोजली जाते, शेवटची दीड तासानं, आणि आकड्यात जागेपेक्षा वेळेचाच फरक जास्त दिसतो. एका ट्यूबला मशीनवर धुण्यासकट चार मिनिटं लागत असतील तर दर चार मिनिटांनी एक ट्यूब रंगवा. टायमर लावून, भाकरी थापल्यासारखं: एक तव्यावर, एक हातावर.

मशीनवर

मशीन सांभाळणारा ऑपरेटर रक्ताच्या नमुन्यांना सरावलेला असेल तर थ्रेशोल्ड, म्हणजे किती संकेत आला की एक ‘घटना’ मोजायची ती मर्यादा, फॉरवर्ड स्कॅटरवर (पुढे विखुरलेल्या प्रकाशावर) लावलेला असतो. तो तसाच राहिला तर जिवाणू दिसतच नाहीत. नम्रपणे सांगून थ्रेशोल्ड हिरव्या चॅनेलवर घ्या, म्हणजे ५३० नॅनोमीटरच्या फिल्टरवर. सगळी मापं लॉग स्केलवर.

आधी एक मायक्रोमीटरचे पिवळे-हिरवे मणी चालवा. त्यांचा ढग दर वेळी त्याच जागी आला पाहिजे. सरकला असेल तर लेझर किंवा व्होल्टेज बदललंय, आणि मागच्या महिन्याच्या चमकेशी तुलना करता येणार नाही. मग रंगासकटचा ब्लँक लावून थ्रेशोल्ड हळूहळू वर न्या, खरखर विरळ होईपर्यंत. त्यानंतर खरा नमुना लावून बघा, सर्वांत फिका ढग खालून कापला जात नाही ना. या दोघांमध्ये जी जागा उरते तिथेच तुमचं कौशल्य दिसतं. व्होल्टेज किती ठेवायचं हा आकडा दुसऱ्याचा उचलू नका, प्रत्येक मशीनचा वेगळा असतो.

वेग असा धरा की सेकंदाला हजाराहून कमी घटना होतील. त्यावर गेलं की दोन जिवाणू एकदम लेझरसमोर येतात आणि एकच मोजला जातो. मिलिलिटरला १० लाख जिवाणू आणि मिनिटाला ३५ मायक्रोलिटर वेग असेल तर सेकंदाला सुमारे ५८० घटना होतात. वीस लाख असतील तर पातळ केल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता स्क्रीन. आडव्या अक्षावर साइड स्कॅटर (बाजूला विखुरलेला प्रकाश), उभ्यावर हिरवी चमक. समुद्राच्या चांगल्या नमुन्यात बहुधा एकावर एक असे दोन ढग दिसतात. वरचा जास्त डीएनएवाला, खालचा कमी डीएनएवाला. पेलॅजिबॅक्टरसारखे लहान जीनोमचे जिवाणू खालच्या ढगात सापडतात. खालच्याला ‘निष्क्रिय’ किंवा ‘मेलेला’ म्हणायची पद्धत एकेकाळी होती. ती चुकीची ठरली आहे, तुमच्या प्रबंधात तसं लिहू नका. उजवीकडे खाली, स्कॅटर भरपूर पण चमक कमी असा जो विस्कळीत पसारा असतो, ती माती आणि गाळ. तो गेटच्या, म्हणजे मोजायच्या ढगांभोवती आखलेल्या चौकटीच्या, बाहेर ठेवा.

दुसरा प्लॉट हिरव्याविरुद्ध लाल चमकेचा. लाल म्हणजे क्लोरोफिल, ६८० नॅनोमीटरच्या आसपास. सिनेकोकॉकससारखे प्रकाशसंश्लेषण करणारे यात बाजूला निघतात आणि जिवाणूंच्या बेरजेतून वजा करता येतात. खुल्या समुद्रातला प्रोक्लोरोकॉकस याच मशीननं माणसाच्या नजरेत आला. सॅली चिझम आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. पृष्ठभागाजवळ त्याची लाल चमक इतकी मंद असते की रंगवल्यावर तो जिवाणूंच्या वरच्या ढगात मिसळतो. म्हणून न रंगवलेली ट्यूब वेगळी चालवावी लागते.

गेट एकदा आखलं की सगळ्या नमुन्यांना तेच. प्रत्येक ट्यूबसाठी गेट थोडं ओढून हवा तो आकडा काढणारे मी पाहिले आहेत.

आकडा काढणं

मशीन घटना मोजतं, आपल्याला हवी असते मिलिलिटरमागची संख्या. अ‍ॅक्युरीसारखी काही मशीनं खेचलेलं आकारमान स्वतः सांगतात. इतरांमध्ये वेग आपणच मोजायचा: ट्यूबमध्ये पाणी घेऊन वजन करा, दहा मिनिटं चालवा, परत वजन करा. वेगाच्या बटणावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीदा मोजा.

एक उदाहरण सोडवू. आधीचं वजन ४.८६२ ग्रॅम, नंतरचं ४.४९१. फरक ०.३७१ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यानं वजन केलं असेल तर घनता १.०२ धरा, म्हणजे ३६४ मायक्रोलिटर, मिनिटाला ३६.४. नमुना दोन मिनिटं चालवला, म्हणजे ७२.८ मायक्रोलिटर. गेटमध्ये १८,२४० घटना आल्या, तितकाच वेळ चालवलेल्या ब्लँकमध्ये ४१०. उरल्या १७,८३०. भागिले ७२.८, म्हणजे मायक्रोलिटरला २४५, मिलिलिटरला २ लाख ४५ हजार. पाचपट पातळ केलं होतं, म्हणून १२ लाख २५ हजार. अजून दोन लहान गुणक राहिले: ग्लुटराल्डिहाइडमुळे आकारमान १.०२ पट झालं, रंगामुळे १.०१ पट. दोन्हींनी गुणलं की १२ लाख ६० हजारांच्या आसपास. हे शेवटचे दोन गुणक विसरले तर तीन टक्क्यांचा घाटा. फार नाही, पण परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतो.

पहिल्या खेपेला निदान तीन नमुने डॅपी लावून सूक्ष्मदर्शकाखालीही मोजा. दोन्ही आकडे जवळपास आले तर पुढे नुसत्या मशीनवर चालेल. मशीनचा आकडा बराच कमी आला तर बहुधा थ्रेशोल्डनं खालचा ढग कापलाय. बराच जास्त आला तर ब्लँककडे परत जा.

कच्च्या फाइल्स, व्होल्टेज, थ्रेशोल्ड आणि मण्यांच्या ढगाची जागा, हे सगळं पेनड्राइव्हवर आणि वहीत, दोन्हीकडे.

आणि उठण्याआधी मशीन धुवा. सायबर ग्रीन सॅम्पलच्या नळीला चिकटून राहतो. पाच मिनिटं दहा टक्के ब्लीच, मग दहा मिनिटं गाळलेलं पाणी, मग रंगाशिवायचं टीई लावून हिरव्या चॅनेलवर काही येत नाही ना हे बघा. तुमच्यानंतरचा स्लॉट बहुधा रक्ताच्या नमुन्यांचा असतो, त्याच चॅनेलवर. तिथे त्यांना तुमचा हिरवा रंग दिसला तर पुढच्या वेळी फोन उचलला जात नाही. आमचा एकदा दोन महिने उचलला गेला नव्हता.